कोकण रेल्वेची गाडी नेपाळात!

जनकपूरला निघालेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "नेपाळला ट्रेन जाते का रे?" रेल्वेवेड्याला एवढं पुरतं!

जाते की. बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरमार्गे कुर्था, साधारण ३५ किलोमीटर.

ही लाईन १९३७ची, मुळात नेपाळच्या जंगलातलं लाकूड वाहायला टाकलेली. रूळ जेमतेम अडीच फुटी. २०१४ मध्ये ती गाडी बंद झाली. मग भारताच्या अनुदानातून इरकॉन या भारतीय सरकारी कंपनीने ब्रॉडगेज टाकलं आणि २ एप्रिल २०२२ला दोन्ही पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. पुढे २०२३ मध्ये कुर्था ते बिजलपुरा हा १७ किलोमीटरचा तुकडाही जोडला गेला.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट. तिथे धावणाऱ्या दोन डेमू (डिझेलवरच्या लोकल) गाड्या नेपाळने आपल्या कोकण रेल्वेकडून घेतल्या!

गंमत म्हणजे गाड्या पोचल्या सप्टेंबर २०२० मध्ये आणि प्रवासी चढले दीड वर्षाने. रूळ टाकणं त्या मानाने सोपं. गाडी चालवायला माणसं लागतात, कायदा लागतो. सीमेपलीकडच्या रेल्वेत खरा वेळ इथेच जातो, असं माझं मत.

जाणार असाल तर ओळखपत्र विसरू नका. जयनगरला नेपाळ रेल्वेचं स्टेशन वेगळं आहे, भारतीय स्टेशनाला लागूनच.

काही विचारायचंय? कमेंटमध्ये टाका.