चौकट आणि प्रमाण : रॉक बँडच्या संकेतस्थळापासून कार्ल्याच्या चैत्यापर्यंत

आमच्या वसतिगृहातील मुलामुलींचा एक गायनसंच आहे. गिटार, कीबोर्ड, ढोलकी, हलगी आणि चार गायक, असे एकूण आठ जण. गेल्या भीमजयंतीला त्यांचे एक छायाचित्र घेतले आणि संगणकवर्गातील मुलांनी त्यावरून रॉक बँडच्या धर्तीवर संकेतस्थळ रचले. संगणकावर ते पाहून आम्ही सारे हरखलो. रात्री तेच पान मोबाइलवर उघडले, तेव्हा डाव्या टोकाला हलगी घेऊन उभी असलेली नववीतील मुलगी त्यात नव्हती. तिच्या हलगीची कड तेवढी उरली होती. "सर, मी कुठंय?" एवढेच तिने विचारले. इतिहास शिकविणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही.

घडले ते असे. संगणकाचा पडदा आडवा असतो, मोबाइलचा उभा. रॉक बँडची संकेतस्थळे बहुधा पहिल्याच पानावर एक छायाचित्र पडदाभर पसरतात. पडद्याचा आकार बदलला की पडदा भरून काढण्यासाठी संगणक चित्राच्या कडा छाटतो आणि मधला भाग ठेवतो. मध्यभागी मुख्य गायक असतो, म्हणून तो नेहमी वाचतो. कडेचा वादक जातो. यंत्राच्या मनात आकस नसतो. परंतु मध्यभागी कोणी उभे राहायचे हे यंत्राने ठरविलेले नसते.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. १९६३ साली बीटल्स या इंग्लिश बँडच्या दुसऱ्या तबकडीचे वेष्टन रॉबर्ट फ्रीमन यांच्या छायाचित्राने सजले. वेष्टन चौरस, चेहरे चार. चौघांना एका ओळीत बसविले असते तर चेहरे लहान होऊन वरखाली मोकळी जागा उरली असती. म्हणून तिघे वर आणि रिंगो स्टार खाली उजव्या कोपऱ्यात, अशी मांडणी झाली. चौकट बदलली नाही, माणसांची रांग बदलली. कोणी कापला गेला नाही.

दुसरे साधन प्रमाणाचे. कोणतीही वस्तू एकटी मोठी नसते. शेजारी लहान काही असले की ती मोठी दिसते. बँडचे नाव पडदाभर आणि वादकांची नावे मुंगीएवढी, किंवा अथांग गर्दीपुढे इवलासा रंगमंच, या साऱ्या प्रमाणाच्याच युक्त्या. आपल्या वस्त्यांतील जयंतीचे फलक पाहावेत. तेथे शुभेच्छुकाचा चेहरा कधी कधी बाबासाहेबांच्या चेहऱ्याहून मोठा असतो. प्रमाण न बोलता पुष्कळ सांगून जाते!

या दोन्ही साधनांचा उत्तम पाठ आपल्या जवळच आहे. पनवेलहून बोरघाट चढून गेले की कार्ले येते. तेथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे, सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर उंच. दर्शनी भागातील नालाकृती भव्य गवाक्ष ही त्याची चौकट. बाहेरचा उजेड त्यातूनच आत येतो आणि दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा डोळ्यांना शेवटच्या स्तूपाकडे नेतात. ओसरीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर खाली हत्ती कोरलेले आहेत आणि त्यांच्यावर मजल्यांमागून मजले. मजले इतके लहान कोरले आहेत की मान वर करून पाहणाऱ्याला भिंत आहे त्याहून कितीतरी उंच भासते. आजचा आरेखक पडद्यावर साधतो तो परिणाम त्या कारागिरांनी छिन्नीने साधला.

आम्हांला मात्र तेथे अधिक मोलाची वाटतात ती ब्राह्मी लिपीतील लहान अक्षरे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव तेथे आहे. तसे धेनुकाकटच्या सामी या सुताराचे आहे, सिंहदत्त या गंधविक्रेत्याचे आहे, आणि खांब दान करणाऱ्या यवनांचेही आहे. एवढ्या प्रचंड लेण्यात सुताराचे नाव कोणी छाटले नाही.

आजच्या बँडमध्येही हा विचार दिसतो. चेन्नईचा 'कास्टलेस कलेक्टिव्ह' जानेवारी २०१८ मध्ये प्रथम रंगमंचावर आला, तेव्हा वस्त्यांत 'गाना' गाणारे कलावंत आणि वादक मिळून एकोणीस जण होते, आणि अंगावर करड्या रंगाचे सूट. बाबासाहेबांच्या सुटाची आठवण होणे साहजिक आहे. पण आमचे लक्ष वेधले ते त्यांच्या एकसारखेपणाने. एकाच पोशाखातील माणसांत मुख्य कोण आणि साथीला कोण, हे डोळ्यांना चटकन निवडता येत नाही.

आमच्या संकेतस्थळावरचा उपाय साधा निघाला. चित्र छाटताना कोणता भाग राखायचा हे संगणकाला सांगता येते. पण आठ माणसांची आडवी रांग उभ्या चौकटीत तरीही मावत नाही. म्हणून मोबाइलसाठी निराळे छायाचित्र घेतले. शाळेच्या पायऱ्यांवर मुले तीन ओळींत बसली, नावे सर्वांची एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिली. हलगी या वेळी मधल्या पायरीवर आहे. ढोलकीवाल्याला कडेची जागा मिळाली म्हणून तो थोडा रुसला होता. त्याला मोबाइल हातात देऊन आपला चेहरा पुरता दिसतो का, हे स्वतः पाहायला सांगितले.