जड ते वर, हलकं ते खाली

नदीच्या वाळूतून सोनं वेचणारे सोनझारी पूर्व विदर्भाला नवे नाहीत. पाटीत वाळू घ्यायची, पाण्यात धरून गोल गोल हलवायची. हलकी वाळू काठावरून निघून जाते, तळाला काळसर रेघ उरते आणि त्या रेघेत नशीब असलं तर एखादा पिवळा कण. जड ते मागे राहतं, हलकं ते जातं, एवढ्या एका नियमावर ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. सुपात धान्य पाखडणाऱ्या बाईचा नियमही तोच.

म्हणूनच फ्लोटेशनची टाकी पहिल्यांदा पाहताना माझा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाहिलेली ती टाकी म्हणजे दोनेक लिटरची पारदर्शक पेटी होती. तांब्याचं खनिज असलेला दगड मैद्यासारखा दळून पाण्यात कालवला होता आणि मधली दांडी तो राखाडी गाळ घुसळत होती. सहायकाने पिचकारीतून फिकट पिवळ्या पाण्याचे काही थेंब सोडले. सडक्या कोबीसारखा वास आला. दोन मिनिटांनी त्याने पाइन ऑइलचा एक थेंब टाकला. फरशी पुसायच्या पांढऱ्या फिनाइलचा जो ओळखीचा वास असतो, तो या तेलाचाच. मग हवेची कळ उघडली. बघता बघता पेटीच्या काठापर्यंत फेस चढला, आणि तो पांढरा नव्हता. प्रत्येक बुडबुड्यावर पितळी चकाकीची साय होती. पट्टीने ओढून तो ताटलीत घेतला, मी बोट लावलं, बुडबुडे फुटले आणि बोटावर नुसती चमकती पूड राहिली. वाळूच्या दीडपटीहून जड असलेलं खनिज पाण्यावर आलं होतं आणि वाळू तळाशी पडून होती.

यातलं गुपित मराठी माणसाला नवं नाही. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते हेच. अळवाचं पान पाण्याला अंगाला लागू देत नाही. ज्या कणाला पाणी चिकटत नाही, त्याला पाण्यात हवेचा बुडबुडा भेटला की तो त्यालाच बिलगतो आणि त्याच्यासोबत वर येतो. वाळूचा कण पाण्याने चिंब होतो, म्हणून बुडबुडा त्याला धरत नाही. इथे वजनाचं चालत नाही, कणाच्या अंगाचं चालतं. ते पिवळं पाणी होतं झँथेटचं. त्याच्या रेणूचं एक टोक गंधकयुक्त खनिजाला घट्ट धरतं आणि दुसरं, तेलकट टोक बाहेर राहतं. म्हणजे जो कण हवा, त्यालाच आपण अळवाचं पान करून सोडतो. एक टन दगडाला हे रसायन ग्रॅमच्या मापातच पुरतं. पाइन ऑइलचं काम वेगळं, ते बुडबुडा लहान ठेवतं आणि फुटू देत नाही. शिवाय चुना असतो. पाणी पुरेसं अल्कधर्मी केलं की सोन्यासारखं दिसणारं पण बिनकामाचं पायराइट खाली दबून राहतं.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी 1877 मध्ये ग्राफाइटसाठी अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. कॅरी एव्हरसन या अमेरिकन बाईंनी 1886 मध्ये तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळं करण्याचं पेटंट मिळवलं. त्यांच्या हाती त्यातून फारसं काही लागलं नाही, ही गोष्ट मला अजून खुपते. पद्धत खऱ्या अर्थाने उभी राहिली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे. तिथे शिसं आणि चांदी काढून उरलेल्या गाळाचे डोंगर साचले होते आणि त्या गाळात जस्त होतं. फेसाने ते टाकाऊ डोंगर पुन्हा खाण बनवले. झँथेट आलं 1925 च्या सुमारास.

आपल्या शेजारी ही विद्या मोठ्या प्रमाणावर चालते ती बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडला, गोंदियाच्या पलीकडे. हिंदुस्थान कॉपरची ही खाण 1982 मध्ये देशाला अर्पण झाली. तिथल्या दगडात तांबं साधारण एक टक्का. हिशेब करून पाहा: शंभर किलो दगड दळला, त्यातलं नव्वद टक्के तांबं हाती आलं आणि फेसातल्या पुडीत तांब्याचं प्रमाण पंचवीस टक्के धरलं, तर पुडी भरते साडेतीन किलोच्या आसपास. बाकीचे शहाण्णव किलो पाण्यासकट गाळ होऊन बाहेर पडतात. भट्टीकडे जायची ती साडेतीन किलो. फ्लोटेशनचं सगळं अर्थशास्त्र या दोन आकड्यांत आहे, आणि सगळी जोखीमही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना आणि दुबारपेठ भागात तांब्याचं खनिज आहे, हे भूवैज्ञानिकांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. ते चाल्कोपायराइट आहे, म्हणजे पेटीत मी पाहिलेलंच. त्याच जिल्ह्यात डोंगरगावला फ्लोराइट सापडतं. त्यापासून आम्ल करायचं तर ते 97 टक्के शुद्ध लागतं, आणि तिथवर न्यायला ओलेइक आम्लासारखं मेदाम्ल वापरतात. मोहाच्या टोळीचं तेल गाळणाऱ्या गडचिरोलीच्या घरांत हे आम्ल तेलाबरोबर रोज वावरतं, फक्त त्याला हे नाव नसतं.

सुरजागडची गोष्ट मात्र उलटी आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचा, तिथे जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरातून 2016 पासून लोहखनिज निघतं. वरचं हेमॅटाइट भारी प्रतीचं, पण त्याच्या जोडीला आहे बीएचक्यू, बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट. हातात घेतला तर हा दगड पट्ट्यापट्ट्यांच्या लुगड्यासारखा दिसतो, एक पट्टा काळसर-लाल लोखंडाचा, एक करड्या गारेचा. अशा दगडात लोखंड साधारण 30 ते 40 टक्के, म्हणून देशभरच्या खाणींनी तो वर्षानुवर्षं बाजूला टाकला. आता त्याच्याकडेच डोळे लागलेत. हेडरीला खनिज दळण्याचा कारखाना, तिथून कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरची स्लरीची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या खनिजाची पाइपलाइन आणि कोनसरीला पेलेटचा कारखाना यांचं उद्घाटन जुलै 2025 मध्ये झालं.

अशा पट्ट्यांच्या दगडाचा मुरलेला अनुभव ब्राझीलचा. तिथे लोखंड वर आणत नाहीत, वाळूच वर आणतात. अमाइन नावाचं रसायन गारेच्या कणाला बिलगतं आणि फेसाबरोबर गार निघून जाते. लोखंड खाली धरून ठेवायला लागतो स्टार्च. मक्याचा किंवा टॅपिओकाचा, कॉस्टिक घालून शिजवलेला. लुगड्याला देतात ती खळच म्हणा ना. स्टार्च लोखंडाच्या कणावर बसतो आणि त्याला चिंब ठेवतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाताची पेज रोज पिणाऱ्या धान पिकवणाऱ्या गावांची आठवण झाली.

दगड कोणाचा खजिना आणि कोणाचा कचरा, हे डोंगर ठरवत नाही. ही टाकी ठरवते. दळण किती बारीक, चुना किती, खळ किती, यावर खजिना आणि कचरा यांच्यातली रेघ सरकते. या परीक्षांसाठी विदर्भाला लांब जावं लागत नाही. भारतीय खाण ब्यूरो 1948 पासूनची संस्था, तिचं मुख्यालय नागपूरला आणि खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा व पथदर्शी संयंत्र हिंगण्याला. पण यंत्रांइतकंच अवलंबून राहावं लागतं माणसाच्या नजरेवर. जुने ऑपरेटर फेस वाचतात. बुडबुडे मोठे, काचेसारखे रिकामे दिसले तर खनिज चढत नाही. फेस घट्ट होऊन कडेला अडकला तर तेल जास्त झालं. रंग फिकटला तर दळण बिघडलं. उपकरणं आकडा देतात, पण ही माणसं टाकीवर वाकून आधी फेसाकडे बघतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत ही टाकी जिथे कुठे बसेल तिथे माझी नजर फेसाकडे आधी जाणार नाही, तळाच्या नळाकडे जाईल. पीठ केलेल्या दगडाचा गाळ साठवायला बंधारा लागतो आणि तो बंधारा खाण बंद झाल्यावरही तिथेच राहतो. पाणी परत गिरणीत फिरवता येतं, चांगले कारखाने ते फिरवतातही. पण गंधकयुक्त खनिजाचा उरलेला कण हवा-पाण्याला लागला की आम्ल सोडू शकतो, आणि पावसाळ्यात या जिल्ह्यांत पाऊस हात राखून पडत नाही. इंद्रावती, वैनगंगा, प्राणहिता यांच्या खोऱ्यातल्या लोकांना किती टन लोखंड निघणार हे सांगितलं जातं. गाळ किती निघणार आणि कुठे साठणार, हेही त्यांच्याच बोलीत, गोंडी-माडियात, ग्रामसभेत सांगितलं पाहिजे. ही विद्या लपवण्याची नाहीच, एका काचेच्या पेटीत दहा मिनिटांत ती कोणालाही दाखवता येते.

त्या दिवशी प्रयोग संपल्यावर सहायकाने पेटीतला उरलेला गाळ एका उभ्या बरणीत ओतला आणि खिडकीत ठेवून दिला. ताटलीतली चमकती पूड वाळवायला ओव्हनमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. बरणीत वर चार बोटं नितळ पाणी आलं होतं. खालचं अजून गढूळच होतं.