किनारा निवडण्याआधी

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावर मी बुडता बुडता वाचलो. हे आधीच सांगून टाकतो. शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत माझं पदक आहे, त्यामुळे ही गोष्ट मी आजवर वर्गात कुणाला सांगितली नव्हती.

पाणी कमरेइतकं होतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधल्या पट्ट्यात पाणी अगदी शांत होतं. छान जागा मिळाली म्हणून मी नेमका तिथेच उतरलो. दोन मिनिटांत पायाखालची वाळू गेली. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होतो आणि किनारा लांब जात होता. होडी घेऊन परतणाऱ्या एका कोळी काकांनी दोर टाकला. वर ओढून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोहता येतं म्हणून पाण्यात गेलास ना? पाणी बघून जायचं."

त्यानंतर डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी मल्लेश्वरमला आलो, तेव्हा बाबांनी अंदमानची तिकिटं काढलेली होती. आमच्या भागात काडू मल्लेश्वराचं जुनं देऊळ आहे, ज्याच्याशी शिवरायांचे बंधू व्यंकोजी राजे यांचं नाव जोडलं जातं. आठव्या क्रॉसचा बाजार आहे, संपिगे रोड आहे. समुद्र मात्र साडेतीनशे किलोमीटर लांब आणि नऊशे मीटर खाली. आमचं मोठं पाणी म्हणजे सँकी तलाव. त्याला ना भरती ना ओहोटी. आजी लहानपणी हर्णैला वाढली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिने समुद्र पाहिलाच नव्हता. ही सहल खरं तर तिच्यासाठी होती.

बाबांनी कुठूनतरी 'दहा सर्वोत्तम किनारे' अशी यादी उतरवून आणली होती. पहिलं नाव राधानगर. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, आणि २०२० मध्ये ज्या आठ भारतीय किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे प्रमाणपत्र मिळालं, त्यांतही ते आहे. बाबा खूश होते. आजीने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "उत्तम म्हणजे कुणाला? याला पोहायला की माझ्या गुडघ्यांना? आणि किती वाजता?"

या प्रश्नांचं उत्तर यादीत नव्हतं. बाबांनी यादी माझ्यापुढे सरकवली. "तुमचे उस्ताद नकाशा शिकवतात ना? मग तूच ठरव. पण कारणं लिहून दे."

म्हणून मी बसलो. मित्रांनो, नकाशावाचनाच्या तासाला आपण कंटाळून खिडकीबाहेर बघतो, पण त्या चार दिवसांत मला दुसरं काहीही उपयोगी पडलं नाही.

पहिली गोष्ट, किनाऱ्याचं तोंड कुठे आहे. अंदमानची बेटं दक्षिणोत्तर पसरलेली आहेत, त्यामुळे तिथले बरेचसे किनारे एकतर पूर्वेकडे बघतात नाहीतर पश्चिमेकडे. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पश्चिमेचे किनारे खवळलेले असतात. नोव्हेंबर ते जानेवारी तो ईशान्येकडून येतो आणि पश्चिम बाजू आडोशाला जाते. पावसाची झड ज्या बाजूने येते, त्या बाजूची खिडकी आपण लावतो आणि दुसरी उघडी ठेवतो, तसंच हे. राधानगर स्वराज द्वीपाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे डिसेंबरात ते चांगलं, पण जुलैत हीच यादी घेऊन जाणाऱ्याची फजिती ठरलेली. (हे बेट म्हणजे जुनं हॅवलॉक. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्याला ७५ वर्षं झाली, तेव्हा २०१८ मध्ये हे नाव बदललं. शेजारचं नील त्याच दिवशी शहीद द्वीप झालं.) आपल्यापाशी वारा पडलेला असला तरी लांबच्या वादळाच्या लाटा येऊ शकतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी ते पाहावेत.

दुसरी गोष्ट उताराची. समजा किनाऱ्याचा उतार १० ला १ आहे. ओहोटीला पाणी २ मीटर उतरलं, तर पाण्याची कड २० मीटर मागे जाईल. पण उतार १०० ला १ असेल, तर तेच २ मीटर पाणी २०० मीटर मागे हटतं. अंदमानात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण एवढाच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास असतो. मुंबईला तो चार मीटरच्या वर जातो. दोन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण हे २०० मीटर वाळूचे असतील की खडकाचे, हा खरा प्रश्न. उपग्रहचित्रात किनाऱ्याला लागून फिकट निळा रुंद पट्टा दिसला, तर तिथे पाणी उथळ असतं. त्यात तपकिरी डाग दिसले, तर खाली प्रवाळाचा खडक असण्याची शक्यता मोठी. भरतीला तिथे गुडघाभर कोमट पाणी आणि ओहोटीला धारदार दगड. स्वराज द्वीपाच्या पूर्वेचे बरेच किनारे असे आहेत. राधानगरला मात्र वाळूच वाळू, आणि पट्टा अरुंद. कागदाच्या कडेवर खुणा करून प्रमाणपट्टीवर अंतर कसं मोजायचं, हे आपल्याला शिकवलंच आहे. मी तेच केलं.

तिसरी गोष्ट वेळेची. इथे आजी पुढे सरसावली. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून तिने हिशेब मांडला. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हर्णैच्या कोळ्यांनी याच हिशेबावर होड्या लोटल्या, असं आजी अभिमानाने सांगते.

मी अंदमानचा भरतीचा तक्ता शोधून काढला. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी असे तक्ते छापते. आजीचं उत्तर जुळेना. आजी चिडली, "समुद्र काय वेगळा आहे का तिथला?" समुद्र एकच, पण भरती प्रत्येक किनाऱ्यावर चंद्राच्या मागून आपापल्या उशिराने पोहोचते. तळाची खोली आणि किनाऱ्याची ठेवण जशी असेल तसा तो उशीर. कोकणात पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी बाराच्या जवळपास येते म्हणून तिथे पाऊणपटीचा हिशेब बसतो. दुसऱ्या बंदराला तो तसाच लावता येत नाही.

तरी आजीची विद्या निम्मी बरोबर निघाली, आणि निम्मीही भरपूर कामाची. भरती रोज किती पुढे सरकते? पाऊण तास, थोडं जास्तच. हे अंतर हर्णैला जेवढं, तेवढंच अंदमानला, कारण ते चंद्रावर अवलंबून आहे. उधाणाच्या दिवसांत ते जरा कमी भरतं, भांगाच्या दिवसांत जास्त. म्हणजे कुठल्याही अनोळखी किनाऱ्यावर पहिल्या दिवशी भरतीची वेळ डोळ्यांनी पाहून ठेवली, की पुढच्या दोन-तीन दिवसांचं वेळापत्रक तोंडी तयार. आजीने डिसेंबरचं पान फाडून पर्समध्ये ठेवलं. त्याच्या मागे दुधाचा हिशेब होता, तो आईला नंतर आठवला.

विमानाने श्रीविजयपुरम (म्हणजे पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून नवं नाव), तिथून बोटीने स्वराज द्वीप. पहिल्या सकाळी आम्ही पूर्वेच्या विजयनगर किनाऱ्यावर गेलो. यादीत हे नाव बरंच खाली होतं. पाण्यावर झुकलेली मोठी झाडं, त्यांची सावली, आणि भरतीचं शांत पाणी. बाहेरच्या खडकावर लाटा आधीच फुटून येतात, त्यामुळे वारा समोरून असूनही काठाला नुसती झुळझुळ. एका झाडाच्या मुळाला धरून आजी पाण्यात उतरली आणि बसलीच. पांढरी वाळू मुठीत घेऊन म्हणाली, "ही आमच्यासारखी नाही रे. पीठच आहे." ती मुख्यतः प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे, असं मी सांगितलं. तिने ऐकलं की नाही माहीत नाही, कारण ती डोळे मिटून बसली होती. आई किनाऱ्यावर उभी राहून उगाच चष्मा पुसत होती.

पाण्याची सर्वात वरची ओळ आली, तिथे मी काठी रोवली आणि वेळ लिहिली. छापील तक्त्याशी पंधरा मिनिटांचाही फरक नव्हता.

दुपारी छत्री विसरली म्हणून मी आणि बाबा परत तिथे गेलो, तर किनारा ओळखू येईना. पाणी दूर गेलेलं, मध्ये काळेतपकिरी खडक. एक कुटुंब नुकतंच पोहोचलं होतं. त्यातले काका मोबाइलवरचा फोटो आणि समोरचा देखावा आलटून पालटून बघत होते. "फसवतात हो लोक," ते आम्हाला हिंदीत म्हणाले. कुणी फसवलं नव्हतं, ते फक्त पाच तास उशिरा आले होते. बाबांनी त्यांना दुसऱ्या दिवसाची वेळ सांगितली, आजीच्या हिशेबाने पाऊण तास पुढची.

शहीद द्वीपावर याच्या उलट झालं. लक्ष्मणपूरजवळचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायला ओहोटीच लागते, भरतीला तिथे चालत जाता येत नाही. उतरलेलं पाणी खडकांतल्या डबक्यांत साचतं आणि त्यात मासे, समुद्रकाकड्या दिसतात. आजीला आम्ही तिथे नेलं नाही, ती भरतपूरला सावलीत बसली. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलून घरी आणायला कायद्याने बंदी आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या खिशातून दोन तुकडे मी परत टाकायला लावले, त्यावरून ती दिवसभर बोलली नाही.

आता राधानगर. तिथे आम्ही मुद्दाम शेवटी गेलो. जेटीपासून बारा किलोमीटर, मध्ये दाट झाडी, आणि मग एकदम तो लांबलचक पांढरा काठ. टाइमवाले खोटं बोलले नव्हते. पण मी पाण्यात गेलो नाही. कोळी काकांचं वाक्य आठवत होतं. वाळूवर पंधरा मिनिटं नुसता बसलो. मेमध्ये मी जी चूक केली होती, ती मला इथे वरून दिसली. लाटांच्या पांढऱ्या रांगेत एका जागी खंड होता. तिथलं पाणी गडद, वरून गुळगुळीत, आणि फेस किनाऱ्याकडे न येता बाहेर चालला होता. काठावर आलेलं पाणी परत जायला अशी वाट शोधतं. तिला इंग्रजीत रिप करंट म्हणतात, आपल्याकडे नुसतं 'ओढ'. जिथे लाट फुटत नाही ती जागा सुरक्षित, असं मन सांगतं आणि मन तिथे चुकतं. ओढीत सापडलंच, तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, कारण तिच्याशी पट्टीचा पोहणाराही जिंकत नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या पट्ट्याबाहेर पडायचं. ती अरुंद असते. हे मला मेमध्ये माहीत असतं, तर मी निम्मा थकलो असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते माझ्यापेक्षा थोडेच मोठे होते.

मी जीवरक्षक दादांना जाऊन तो पट्टा दाखवला. ते हसले आणि रोवलेला झेंडा दाखवला. त्यांनी तो सकाळीच पाहिला होता. किनाऱ्याच्या टोकाला, नील्स कोव्हच्या बाजूला, अजिबात जायचं नाही हेही त्यांनी बजावलं. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये या बेटावर एका परदेशी पर्यटक स्त्रीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. नकाशात जिथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते, ती जागा कितीही सुंदर असली तरी माझ्या यादीतून बाद. पालकांनी हॉटेल ठरवताना हे आधी विचारावं, खोलीतून समुद्र दिसतो की नाही ते नंतर.

मग मी त्यांनी दाखवलेल्या भागात पोहलो, छातीइतक्या पाण्यात, बाबा काठावर उभे असताना. वीस मिनिटं. अंदमान इतकं पूर्वेला आहे की डिसेंबरात पाच वाजताच सूर्य बुडतो, बंगळुरूपेक्षा तासभर आधी. त्यामुळे संध्याकाळी निवांत जाऊ म्हणणाऱ्यांचा पोहण्याचा वेळ गाडीतच संपतो. शिट्ट्या वाजल्या, सगळे बाहेर आले. आजी खुर्चीवर बसून ते पान काढून बघत होती. "उद्या विजयनगरला किती वाजता पाणी?" मी सांगायच्या आत तिने बोटांवर मोजलं आणि बरोबर वेळ सांगितली.

ते पान आता परत स्वयंपाकघरात टाचणीने लावलंय. एका बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या भरतीच्या वेळा, दुसऱ्या बाजूला दूध. आई म्हणते जानेवारी संपत आला, काढून टाका. आजी म्हणते राहू दे.