जुना ‘जेसीबी’ उघडण्याआधी त्याची पाटी वाचा



चिबड वावरात चर काढायचा असो की तलावातला गाळ उपसायचा असो, हे काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. ऐन त्या दिवसांत यंत्र बसले, तर चर पुढच्या सालावर जातो. म्हणून आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात मेहकर भागातील एका सभासदाच्या जुन्या ट्रॅक्टरवरील खोदयंत्राचा बूम आपोआप खाली बसू लागला. मिस्त्री म्हणाला, “सिलिंडरचं सील गेलं.” मॉडेल विचारले, तर मालक म्हणाले, “जेसीबीच तं आहे, साहेब!” मी टेपने दांडा मोजला, ५० मिलिमीटर भरला. जालन्याहून सील किट आणवले. दुसऱ्याच दिवशी तेल पुन्हा गळू लागले. दुसरे किटही तसेच गेले. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने व्हर्नियर लावला. माप निघाले ५०.८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २ इंच! यंत्र जुन्या इंची मापाचे होते. तोवर मृगाचा पाऊस आला आणि निम्मा चर तसाच राहिला.

‘जेसीबी’ हे यंत्राच्या जातीचे नाव नव्हे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडात काढलेल्या कंपनीचे ते नाव. १९७९ साली ही कंपनी एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत आपल्या देशात आली. हरियाणात बल्लभगडला तिचा कारखाना आहे. आपण मात्र प्रत्येक खोदयंत्राला जेसीबी म्हणतो. कित्येकदा ट्रॅक्टर एका कंपनीचा आणि मागचा बूम दुसऱ्याच कारखान्याचा असतो. रंगावर तर मुळीच जाऊ नये.

तेव्हा एवढे करा :

१) ट्रॅक्टरची आणि बूमची पाटी वेगवेगळी शोधा. डिझेलच्या फडक्याने पुसा. कानस लावू नका, आकडे जातील.

२) चेसिस व इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. जुन्या यंत्राचे इंजिन बदललेले असू शकते.

३) पाटी गेली असेल, तर दांडा व सिलिंडर व्हर्नियरने मोजा. जुने सील फेकू नका, दुकानात सोबत न्या. होज पाईपचे आटेही इंची की मिलिमीटरचे, ते पाहा.

४) पाईप सोडण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून दाब उतरवा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून सुटलेले तेल कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तडक दवाखाना गाठा.

सगळे नंबर व मापे एका वहीत लिहून घरात ठेवा. मिस्त्री बदलतो, वही बदलत नाही.

आमच्या गट ऑफिसात आता व्हर्नियर आणून ठेवला आहे. सभासदांनी खुशाल न्यावा, काम झाले की परत आणून द्यावा. राहिलेला चर या उन्हाळ्यात पुरा करायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी