मालवणातून ग्राम्शीपर्यंत : इटालियन शिकायचे ते कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की मालवण, कुडाळ, कणकवलीच्या आपल्या वस्त्यांमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट, मर्चंट नेव्ही, आयटीआय, नाहीतर बी.ए. करता करता एमपीएससी. या यादीत परदेशी भाषेचे नाव आलेच तर ते जहाजावर किंवा किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये कामाला येणारी चार वाक्ये म्हणून येते. भाषा आणि साहित्य हा विद्यापीठात तीन-चार वर्षे करायचा अभ्यास आहे, तो आपल्या मुलामुलींनीही करावा, असे कोणी म्हणत नाही. आम्ही ते म्हणतो आहोत, आणि त्यासाठी मुद्दाम इटालियनचे उदाहरण घेतो आहोत. जर्मन, फ्रेंच, जपानीला नोकऱ्या जास्त आहेत हे आम्हाला माहीत आहे. तरीही इटालियन का, हे पुढे वाचले की कळेल.

1891 या वर्षापासून सुरुवात करू. 22 जानेवारीला सार्डिनिया बेटावरच्या आलेस या गावात आंतोनिओ ग्राम्शीचा जन्म झाला. 14 एप्रिलला महूला बाबासाहेबांचा. सार्डिनिया म्हणजे त्या काळच्या इटलीचा गरीब, मागास समजला जाणारा कोपरा. ग्राम्शी लहानपणापासून पाठीने अधू, घरची स्थिती हलाखीची, वडील काही वर्षे तुरुंगात. 1911 मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठीची एक शिष्यवृत्ती मिळवून तो तुरिन विद्यापीठात पोचला. तिथे त्याने कोणता विषय धरला? भाषाशास्त्र. मात्तेओ बार्तोली हे त्याचे प्राध्यापक. ग्राम्शीला आपण कम्युनिस्ट नेता, विचारवंत म्हणून ओळखतो, पण एका समूहाची सत्ता दुसऱ्याच्या मनावर कशी बसते याचा विचार तो करू लागला तो आधी भाषेचा विद्यार्थी म्हणून. बड्या शहराची बोली 'शुद्ध' कशी ठरते आणि बेटावरची बोली 'गावंढळ' कशी ठरते, हे त्याने स्वतःच्या तोंडातल्या शब्दांवर पाहिले होते.

मालवणीत बोलणाऱ्या पोराला मुंबईच्या कॉलेजात हे वेगळे समजवावे लागत नाही. 'वस्त्रहरण' पाहून सगळे हसतात, पण मुलाखतीत 'खय' आणि 'कित्याक' तोंडातून निसटले की हसण्याचा सूर बदलतो. 1927 मध्ये तुरुंगातून बहिणीला लिहिलेल्या पत्रात ग्राम्शीने बजावले होते की मुलांना सार्डिनियन बोलू द्या, अडवू नका. त्याच माणसाने पुढे वहीत हेही लिहिले की ज्याला फक्त बोली येते त्याची जगाची समज तोकडी राहते, म्हणून राष्ट्रभाषा आणि जमल्यास आणखी भाषा शिकल्याच पाहिजेत. घरात मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, विहारात पाली, कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषांत वाढणाऱ्या आपल्या पोरांना या दोन वाक्यांत विसंगती दिसणार नाही.

1926 च्या नोव्हेंबरात मुसोलिनीच्या राजवटीने ग्राम्शीला अटक केली. 1929 पासून 1935 पर्यंत त्याने वह्या भरल्या आणि 27 एप्रिल 1937 रोजी तो गेला. या वह्यांमधला एक शब्द आज आपल्या चळवळीतल्या प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकू येतो, 'सबाल्टर्न'. 1982 मध्ये रणजित गुहा यांनी त्या नावाने इतिहासलेखनाची मालिका सुरू केली आणि शब्द भारतभर गेला. पण तो भारतात आला इंग्रजीतून, आणि बहुतेकांच्या हाती होती 1971 ची इंग्रजी निवड. सबाल्टर्न समूहांच्या इतिहासावरची स्वतंत्र वही, क्रमांक 25, ग्राम्शीने 1934 मध्ये लिहायला घेतली होती. त्या निवडीत तिचे काही तुकडेच होते. ही वही आणि तिच्याशी जोडलेली टिपणे इंग्रजीत एकत्र पुस्तकरूपाने आली 2021 मध्ये. इटालियनमध्ये मात्र वह्यांची चिकित्सक आवृत्ती 1975 पासून उपलब्ध आहे. 'सबाल्टर्न म्हणजे सेन्सॉरला चुकवण्यासाठी कामगारवर्गाला दिलेले टोपणनाव' असे बरीच वर्षे सांगितले गेले. मूळ वही वाचणाऱ्याला दिसते की त्यात प्राचीन रोमचे गुलाम आहेत, शेतकरी आहेत, स्त्रियांचा प्रश्न आहे. केवळ कारखान्यातल्या कामगाराचे ते नाव नाही. मूळ भाषा येण्याने वादात एवढा फरक पडतो.

मग मराठीत या शब्दाला काय म्हणायचे? वंचित? अंकित? निम्नस्तरीय? की बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाला दिलेला 'बहिष्कृत' हा शब्द जवळचा? आमचे मत असे की यातला कुठलाच शब्द तंतोतंत बसत नाही, आणि म्हणूनच हे काम इटालियन आणि मराठी दोन्ही आतून येणाऱ्या माणसाचे आहे. 2013 मध्ये कोझिमो झेने यांनी ग्राम्शी आणि आंबेडकर यांच्या राजकीय तत्त्वज्ञानावर एक निबंधसंग्रह संपादित केला, तोही इंग्रजीत. ती चर्चा सिंधुदुर्गातल्या अभ्यासवर्गात मराठीतून कोण आणणार?

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये रोमचा दाखला दिला आहे हे अनेकांना आठवत असेल. प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडायचा हक्क होता, पण निवडलेला माणूस डेल्फीच्या देवतेला मान्य असावा लागे, आणि हक्क कागदावर राहिला. धर्माची पकड सुटल्याशिवाय राजकीय हक्क पोकळ, हे सांगायला त्यांनी थेट रोम गाठले. शाळेत संस्कृत नाकारले गेलेला हा विद्यार्थी पुढे संस्कृत शिकला, बॉन विद्यापीठासाठी जर्मन शिकला, आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचा कोश करायला बसला. भाषा ही त्यांच्यासाठी हौस नव्हती.

आता विद्यापीठातल्या अभ्यासाकडे. पहिले दीड-दोन वर्ष भाषेतच जाते. मराठी माणसाला इटालियन उच्चार फारसा छळत नाही. बहुतेक शब्द स्वरान्त, आणि जोडाक्षरावरचा जोर आपल्या ओळखीचा : 'नोत्ते' म्हणजे रात्र आणि 'नोते' म्हणजे टिपणे, हा फरक 'पक्का' आणि 'पका' म्हणणाऱ्या कानाला लगेच कळतो. लिंगे दोनच, आपल्यापेक्षा एक कमी. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून तो गाळता येतो, जसे आपण नुसते 'जातो' म्हणतो.

आदरार्थी रूपे मात्र थांबून पाहण्यासारखी आहेत. जवळच्यासाठी 'तू', आणि परक्यासाठी किंवा मोठ्यासाठी 'लेई'. 1938 मध्ये फासिस्ट राजवटीने 'लेई' हे परके आणि बायकी ठरवून त्याऐवजी 'वोई' वापरायची सक्ती केली. राजवट पडली तशी ती सक्तीही गेली. सर्वनामावर सत्ता चालते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गावात आपल्या आजोबांना सवर्णांचे शेंबडे पोर 'अरे-तुरे' करी आणि आजोबा त्याला 'अहो' म्हणत, हे ऐकतच आपण वाढलो. अशा घरातली मुलगी व्याकरणाच्या तासाला 'लेई' शिकेल तेव्हा वर्गातल्या इतरांपेक्षा तिला त्यात जास्त ऐकू येईल.

साहित्याचा अभ्यास दान्तेपासून सुरू होतो. जन्म 1265, मृत्यू 1321. लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये लिहिला, कारण पटवायचे होते ते पंडितांना, आणि महाकाव्य मात्र लोकांच्या भाषेत. इथे आपल्याला चुल्लवग्गातली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही : ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू बुद्धवचन छंदस् मध्ये बांधण्याची परवानगी मागतात, तथागत नकार देतात आणि वचन आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा देतात. 'आपापल्या' म्हणजे नेमके कोणाच्या, यावर विद्वानांचा वाद आहे, पण नकार स्पष्ट आहे. आणखी एक तारीख : चोखोबा गेले 1338 मध्ये, म्हणजे दान्तेचे समकालीन. दान्तेला फ्लॉरेन्सने हद्दपार केले, तो राव्हेन्नात मेला. चोखोबा देवळाबाहेर राहिले आणि मंगळवेढ्याच्या कुसाखाली गेले. दोन्ही बहिष्कार एकच, असे आम्ही म्हणणार नाही. दान्तेची शिक्षा राजकीय होती, ती मागे घेता येत होती. चोखोबांची जन्माची होती.

विसाव्या शतकात पोचलात की वाचन आपल्या घराजवळ येते. दक्षिण इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांवरची सिलोनेची 'फोंतामारा' (1933), छळछावणीतून परतलेल्या प्रीमो लेव्हीचे 1947 चे पुस्तक, आणि बार्बियाना या डोंगरातल्या वाडीवर नापास ठरवल्या गेलेल्या पोरांनी फादर मिलानींसोबत लिहिलेले 1967 चे 'एका शिक्षिकेला पत्र'. हे शेवटचे मराठीत 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. शिक्षक असाल तर आधी तेच वाचा.

बौद्ध म्हणून आणखी एक कारण. विसाव्या शतकात तिबेटी बौद्ध परंपरेवर सर्वाधिक काम करणाऱ्यांत जुझेप्पे तुच्ची (1894–1984) हे नाव येते. 1925 मध्ये ते शांतिनिकेतनात इटालियन शिकवायला आले, हिमालय पालथा घातला, 'इंडो-तिबेतिका' इटालियनमध्ये लिहिले, आणि त्यांच्या मोहिमेने स्वात खोऱ्यातल्या बौद्ध अवशेषांचे उत्खनन सुरू केले ते 1956 साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. त्यांची संस्था 1933 मध्ये मुसोलिनीच्या आशीर्वादाने उभी राहिली, हेही तितकेच खरे. त्यांचे लेखन वाचावे आणि त्यांच्या मागची सत्ताही वाचावी.

शिकायचे कुठे? इटालियनमध्ये बी.ए. ऑनर्ससाठी पक्के ठिकाण म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीज विभाग. प्रवेश सीयूईटीमधून, आणि सुरुवात शून्यापासून. भाषा आधी यावी लागत नाही. दिल्ली लांब वाटत असेल तर शेजारच्या गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम.ए. आहे. ती इटालियनची बहीण भाषा, आणि ती आली की इटालियन निम्मी वाटेत भेटते. केंद्रीय विद्यापीठासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. 1990 च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा हा दाखला निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच काढून ठेवा.

इटलीच्या राज्यघटनेचे 34 वे कलम सांगते की लायक विद्यार्थी निर्धन असला तरी त्याला सर्वोच्च शिक्षणापर्यंत पोचण्याचा हक्क आहे. त्यावर उभ्या असलेल्या प्रादेशिक शिष्यवृत्त्या कुटुंबाचे उत्पन्न बघून दिल्या जातात आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. मात्र कागदपत्रे, भाषांतरे, मुदती यांचा जाच मोठा आहे. इटालियन माध्यमातल्या अभ्यासक्रमाला साधारण बी-2 पातळी लागते. पेरूजा आणि सिएना इथल्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठांची प्रमाणपत्रे त्यासाठी चालतात. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये असलेल्या विद्यापीठांसाठी आहे. बोलोन्या आणि रोमचे सापिएन्झा गेली काही वर्षे त्यात आहेत, पण अर्ज करताना त्या वर्षीची क्रमवारी स्वतः तपासा.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. जातीवर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांवर याचा थेट घाव आहे, आणि त्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. निव्वळ इटालियन साहित्याचा विद्यार्थी या नियमात अडकत नाही. ग्राम्शी आणि आंबेडकर एकत्र मांडणारा अडकू शकतो.

नोकरीचे खरे चित्र असे : दूतावास, वाणिज्य दूतावास, भाषांतर, अध्यापन, पर्यटन. बारामतीला पियाजिओ आणि फेरेरो आहेत, रांजणगावला फियाट, पण तिथे नुसती भाषा पुरत नाही, सोबत हिशेब, कायदा किंवा तांत्रिक ज्ञान लागते. घरची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर असेल तर आधी पोटाची सोय पाहा आणि भाषा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाने, संध्याकाळच्या वर्गाने सुरू करा. ज्यांना चार वर्षे देणे शक्य आहे त्यांच्यासाठी एक काम आत्ताच दिसते आहे. उर्मिला पवारांचे 'आयदान' कोकणातले, आपल्या बायांचे पुस्तक. ते मराठीतून थेट इटालियनमध्ये न्यायचे तर पहिला प्रश्न शीर्षकातच येईल. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या टोपल्या-सुपांसारख्या वस्तू, आणि ते विणणाऱ्या आईचे हातही. सार्डिनियातही टोपल्या विणणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या बोलीत या कामाचे शब्द आहेत. ते शब्द माहीत असलेला भाषांतरकार हवा.

ओरोस, कुडाळ, मालवणच्या विहारांत रविवारचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे की या जूनमध्ये करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम घ्याल तेव्हा फळ्यावर परदेशी भाषांचा एक रकाना आखा. सीयूईटीच्या फॉर्मची मुदत बारावीच्या परीक्षेच्या आसपासच संपते, तेव्हा पुढच्या तुकडीला ही माहिती दिवाळीच्या सुट्टीतच द्यावी लागेल.