जुना सर्व्हर काढताना घाई नको

आपल्या अनेक व्यापारी बांधवांच्या पेढ्यांवर आता लाल वहीची जागा संगणकाने घेतली आहे. दुकानात दोन-तीन संगणक, गोदामात एक, आणि मुनीमजींच्या खोलीत एक असा, की ज्यावर हिसाबाचे सॉफ्टवेअर आणि सारी खाती असतात. बाकीचे संगणक त्यालाच विचारून बिल बनवतात. त्यालाच सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर कधी ना कधी थकतो. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ ची सर्वसाधारण मदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. म्हणजे त्यांतील दोष दुरुस्त होऊन मिळण्याची नेहमीची सोय संपली. जुना संगणक बदलणे अनेकांना भाग आहे. तो जरूर बदलावा. पण कसा बदलावा, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. तो तजुर्बा बांधवांच्या कामी यावा म्हणून हे लिहीत आहे.

आमची कापडाची ठोक पेढी आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ऐन रमजानच्या हंगामात, आमचा दहा-अकरा वर्षांचा सर्व्हर वारंवार अडकू लागला. संगणकवाला म्हणाला, "चाचा, एका रात्रीचे काम आहे." आम्ही हो म्हटले. रात्री नवा सर्व्हर बसला आणि जुना त्याच रात्री बदल्यात देऊन टाकला.

सकाळी दुकानात बिले निघू लागली, तेव्हा आम्ही खुश झालो. तासाभराने गोदामातून निरोप आला की तिथला संगणक काहीच दाखवत नाही. तो जुन्या सर्व्हरला त्याच्या नंबराने शोधत होता आणि तो नंबर आता कुणाचाच नव्हता. गाठींवर चिकटवायच्या लेबलांचे यंत्रही जुन्यालाच जोडलेले होते. बाहेर टेम्पो उभे, बाहेरगावचे व्यापारी खोळंबलेले आणि माल आत. दोन दिवस हाताने चलने फाडली. शेवटी जुना संगणक मिनतवारी करून परत आणला. नशिबाने तो कुणी उघडला नव्हता. नंतर हिसाब जुळवताना तीन चलने गहाळ निघाली. त्यातले एक तेवढे सापडले, तेही गिऱ्हाईकाने आपणहून येऊन "माझ्याकडे तुमचे येणे आहे" असे सांगितले म्हणून.

चूक संगणकवाल्याची होती तशी माझीही होती. मागावर बीम संपते तेव्हा आपण काय करतो? जुन्या बीमची टोके कापून फेकत नाही. नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला सांधतो, गाठी फणीतून पार होईपर्यंत माग हळू चालवतो. हे आपल्याला ठाऊक असते, पण संगणकाच्या बाबतीत आपण ते विसरतो.

मोठ्यांचीही हीच गत

ही चूक केवळ छोट्या पेढ्यांची नाही. ब्रिटनमधील टीएसबी ही बँक आपले काम लॉईड्स या जुन्या मालक बँकेच्या यंत्रणेवर चालवत असे. २०१५ साली स्पेनच्या साबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली. पुढे २० ते २२ एप्रिल २०१८ या दोन-तीन दिवसांत ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली गेली. बहुतेक सारे काम एकाच झटक्यात उरकायचे ठरले होते. खात्यांची माहिती सुखरूप पोहोचली, पण नवी यंत्रणा लोकांचा भार पेलू शकली नाही. शाखा, दूरध्वनी, मोबाइल, सगळीकडे अडचण झाली. सुमारे १९ लाख लोकांना आपले खाते उघडता येईना. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. चौकशीत निघालेली एक गोष्ट आपणही ध्यानात ठेवावी. संगणक केंद्रे दोन होती आणि भाराची चाचणी एकाच केंद्राची झाली होती. दुसरे तसेच असेल असे गृहीत धरले होते.

मग करावे कसे?

पहिली गोष्ट म्हणजे यादी. जुन्या सर्व्हरवर कोण कोण अवलंबून आहे ते लिहून काढा. दुकान, गोदाम, छपाईची यंत्रे, रात्रीचा बॅकअप, सी.ए.ना जाणारी फाईल. ही यादी एका दिवसात पुरी होत नाही. निदान एक महिना पाहावे लागते, कारण काही कामे महिन्यातून एकदाच होतात. दरमहा विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ हे ११ तारखेचे आणि ३-बी हे २० तारखेचे असते.

दुसरी गोष्ट बॅकअपची. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नका. तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप म्हणजे चावी हरवलेली तिजोरी. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिसाब जपावा लागतो, म्हणून मागील सालांची खातीही नव्यावर उघडतात का, ते तपासा.

तिसरी गोष्ट चाचणी. दुकान बंद झाल्यावर खात्यांची नक्कल नव्या सर्व्हरवर ठेवा आणि सगळ्या संगणकांवरून एकाच वेळी खोटी बिले बनवून पाहा. एकाच संगणकावर चालले म्हणून सगळीकडे चालेल असे धरू नका. मग ती नक्कल पुसून टाका. संगणकांना सर्व्हरचा नंबर न देता नाव द्यावे. पुढे सर्व्हर बदलला तरी नाव तेच राहते आणि प्रत्येक संगणकापाशी जाऊन पत्ता बदलावा लागत नाही.

चौथी गोष्ट वेळ. ईद, दिवाळी, लग्नसराई आणि मार्चअखेर टाळा. आधी लेबल छपाई आणि बॅकअप अशी छोटी कामे हलवा, बिले शेवटी. त्या दिवशी ताजी नक्कल घेऊन शिल्लक माल, येणे-देणे आणि रोकड यांची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहा. एकदा नव्यावर बिल फाडले की जुन्यावर कुणीही नोंद करू नये, नाहीतर एका पेढीची दोन खाती होतील.

पाचवी गोष्ट परतीचा रस्ता. अमुक वाजेपर्यंत सुरळीत झाले नाही तर जुन्यावर परत जायचे, हे आधीच ठरवा. पहिले काही दिवस प्रत्येक बिलाची एक जादा प्रत काढून ठेवा, म्हणजे परत जावे लागले तरी नोंदी हरवणार नाहीत.

सहावी गोष्ट, जुना सर्व्हर लगेच विकू नका. आधी फक्त त्याची जोडणीची तार काढा आणि कोण ओरडते ते पाहा. आम्ही त्याच साली बकरी ईदनंतर, पावसाळ्याच्या मंदीत, दुसऱ्यांदा हे काम शिस्तीने केले. महिनाभर सारे ठीक होते. पुढच्या पाच तारखेला गोदामाचा मुकादम आला आणि म्हणाला, "पगाराचा तक्ता कुठे गेला?" तो तक्ता जुन्यावर होता आणि आमच्या यादीत नव्हता. तार जोडली, तक्ता उचलला. पंधरा मिनिटांचे काम. संगणक विकून टाकला असता तर मजुरांचे पगार रखडले असते.

डिस्क ही अमानत आहे

शेवटी भंगाराची गोष्ट. जुन्या डिस्कवर गिऱ्हाइकांची नावे, फोन, पॅन नंबर आणि उधारी असते. ती त्यांची आपल्यापाशी असलेली अमानत आहे. फाईली नुसत्या डिलीट केल्याने त्या जात नाहीत, जाणकार माणूस त्या परत काढू शकतो. अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्ली या बड्या संस्थेने जुने सर्व्हर आणि डिस्का निकालात काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले. त्या कामाचा तिला अनुभव नव्हता. काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकाने या संस्थेला ३ कोटी ५० लाख डॉलर दंड केला. म्हणून डिस्क काढून घ्या, जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्या किंवा समोर फोडून घ्या. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

माझ्या कपाटात तो जुना सर्व्हर सहा महिने पडून होता. येणारे-जाणारे विचारत, "हा डबा कशाला ठेवलाय?" सांगायचो, "याला जागा थोडीच लागते. तो नव्हता ते दोन दिवस मात्र फार महाग पडले."