ट्रॅक्टरवरचा टेप

पोहरादेवीला पोचायच्या आधीच नगारा दिसतो, तोही इमारतीएवढा. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या या गावात बंजारा समाजाचं संग्रहालय बांधलं ते नगाऱ्याच्या आकाराचं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खरा नंगारा (बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत त्याला अनुस्वार लागतो) मात्र संत सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी आणि जगदंबेच्या देवळात, भजनाला, थाळीच्या जोडीनं वाजतो. धातूची खोलगट कढई, तिच्यावर ताणलेलं कातडं आणि दोन काठ्या. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, मग त्याला शेक द्यावा लागतो. तार नाही, बटण नाही.

रामनवमीच्या यात्रेत मी नंगारा ऐकून बाहेर आलो की माझे पाय गाड्या लावलेल्या वावराकडं वळतात. पिकअप, काळीपिवळी, जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला ट्रॉली, ट्रॉलीत सतरंज्या, म्हाताऱ्या, लेकरं, भाकरीची गाठोडी. प्रत्येकाचा टेप निराळा. एकावर लेंगी गीत, दुसऱ्यावर सेवालालांचं भजन, तिसऱ्यावर गेल्या वर्षीचं हिंदी गाणं, आणि सगळ्यांचा बेस एकमेकांत मिसळून जमिनीतून पायात चढणारा. टेप म्हणायचं नुसतं सवयीनं. कॅसेट जाऊन वीस वर्षं होत आली. आता पेनड्राइव्ह असतो, नाहीतर मोबाइलचं ब्लूटूथ. पण ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही ‘म्युझिक सिस्टीम’ म्हणालात तर तो तुमच्याकडं शहरातून आल्यासारखा बघेल.

यातले कितीतरी ट्रॅक्टर ऊस ओढून नुकतेच परतलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटतात, मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि चैत्रातली रामनवमी नेमकी त्या टोकाला येते. बंजाऱ्यांच्या तांड्यांवरची माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जातात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडून येतात. ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे तो वाहतुकीचा करार करतो. दोन ट्रॉल्या एकामागं एक, त्यावर उसाचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या हुडात चार स्पीकर.

हा टेप त्या यंत्राचा आहे का, की बाहेरून येऊन बसलाय, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाय. हाच प्रश्न अमेरिकेत हॉट रॉडवाले एकमेकांना विचारतात, हे वाचलं तेव्हा हसू आलं. हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली फोर्ड घ्यायची आणि ती पळावी म्हणून तिच्यातलं नको ते काढून टाकायचं. मडगार्ड काढा, बॉनेट काढा, बंपर काढा. फोर्डनं १९३२ साली सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन काढलं आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांना खेळणं सापडलं. कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात ते या गाड्या पळवायचे. त्यांची शर्यतींची संघटना १९३७ ची. ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघालं.

आता अशी गाडी जुन्या रीतीनं बांधायची तर तिच्यात रेडिओ हवा की नको? नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. ज्या गाडीतून वजन कमी करायला मडगार्ड काढलं, तिच्यात स्पीकर कशाला कोंबता? सायलेन्सरचा आवाज ऐका, तेच गाणं. हवा म्हणणारेही खोटं बोलत नाहीत. शर्यत रविवारी, बाकीचे सहा दिवस तीच गाडी घेऊन पोरगा गावात हिंडत होता, आणि पन्नाशीच्या दशकात त्याच्या डॅशबोर्डात रेडिओ होताच. तडजोड करणारे जुन्या रेडिओचा चेहरा तसाच ठेवतात आणि पोटात नवं यंत्र बसवतात.

गाडीतल्या रेडिओचा इतिहास तर याहून गमतीदार. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटोरोला नावाचा संच बाजारात आणला. किंमत १२० डॉलरच्या आसपास, आणि तेव्हा अख्खी नवी फोर्ड पाचशेच्या आतबाहेर मिळे. त्या संचात काचेचे व्हॉल्व्ह. त्यांना लागणारा विजेचा दाब गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीतून मिळेना, म्हणून गाडीच्या फळीखाली वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. आणि लगेच ओरड झाली, की ड्रायव्हरचं लक्ष उडेल, अपघात होतील. मॅसॅच्युसेट्समध्ये चालत्या गाडीतल्या रेडिओवर बंदी आणायचा प्रस्ताव झाला होता.

आपल्याकडं हॉट रॉड जवळजवळ नाहीत, याला पैशाइतकाच कायदाही कारण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदात जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली, तिची अटही तीच: चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. रेडिओचं नाव त्या अटीत नाही. म्हणजे या नियमांपुरतं बोलायचं तर इथं तुम्ही गाडी कापू शकत नाही, पण तिच्यात वाजवू शकता! आपल्या माणसानं मग सगळी हौस वाजवण्यावर आणि सजवण्यावर काढली. ट्रॅक्टरचे गोंडे, रिबिनी, आरशाला बांधलेल्या झिरमिळ्या, मागच्या फळीवर आईवडिलांचा आशीर्वाद, आणि टेप.

पण ही हौस मोटारीनं आणलेली नाही. बंजाऱ्यांच्या लदेणीत ती आधीपासून होती. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून केलेला व्यापार: किनाऱ्यावरून मीठ आत न्यायचं, आतलं धान्य बाहेर, आणि लढाया असतील तर फौजांना रसद. सतराव्या शतकात फ्रेंच फिरस्ता तावेर्निये यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे रस्त्यात पाहिले. एवढा तांडा आडवा आला की वाटसरूला दोन-दोन दिवस थांबावं लागे, असं त्यानं लिहून ठेवलंय. (उसाच्या हंगामात ज्यांनी पंढरपूर किंवा कराडच्या बाजूला दुचाकी चालवली आहे त्यांना त्या फ्रेंच माणसाची कळ समजेल.)

या बैलांतला एक बैल ओझं वाहत नसे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे. त्याला हटाडिया म्हणत, तो बालाजीला सोडलेला. अंगावर लाल रेशमाच्या पट्ट्या, गळ्यात नि पायात पितळी साखळ्या-कडी, चहूकडून लोंबणाऱ्या कवड्यांच्या माळा, आणि घंट्या. तो तांड्याच्या पुढं चाले. दमून जिथं बसेल तिथं त्या दिवसाचा मुक्काम. माणूस वा जनावर आजारी पडलं तर त्याच्याच पायाशी नवस.

त्या घंट्यांचा मी पुष्कळ विचार केलाय. धुळीत, पहाटेच्या अंधारात, हजार बैलांच्या शेपटाशी चालणाऱ्याला पुढचा बैल दिसणं शक्यच नव्हतं; त्याला तो ऐकू येत होता. घंटा थांबली की पुढं काहीतरी झालंय. शोभा होतीच, पण आवाज मागच्यासाठी होता.

रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, लदेणी बुडाली. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढं फिरत्या माणसांचं फिरणंच गुन्ह्याच्या खात्यात जमा झालं. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पुसला. ज्यांचे पूर्वज देशभर ओझी वाहत होते त्यांच्यातले कितीतरी आज पुन्हा ओझंच वाहतात, दुसऱ्याच्या उसाचं. म्हणून ट्रॅक्टरवरचे गोंडे बघून कुणी नाक मुरडलं की मला राग येतो. तो हटाडियाचाच साज आहे.

टेपाबद्दल मात्र एवढ्या खात्रीनं बोलता येत नाही.

ड्रायव्हरला विचारा, उत्तर ठरलेलं: टेप नसला तं डोया लागते, भाऊ. हे खोटं नाही. उसाच्या ट्रॅक्टरचा वेग बैलगाडीहून थोडा बरा, रस्ता रात्रीचा, थंडी पौष-माघाची. पुढं कारखान्यावर वजनकाटा, मग ऊस उतरवायच्या गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत रांग. आठ तास, कधी सबंध रात्र. चारशे ट्रॅक्टरांच्या त्या रांगेत स्टिअरिंगवर डोकं टेकलेल्या पोराला टेपाशिवाय कोण सोबत आहे? घर तीनशे किलोमीटरवर.

पण यंत्राचा हिशेबही बघू. बारा व्होल्टची बॅटरी, आणि चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या अनेक ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरचा अल्टरनेटर. गुणाकार करा: जेमतेम ४३० वॅट. त्यातले शंभरच्या वर पुढच्या दोन दिव्यांना लागतात, शिवाय ट्रॉलीचे दिवे. म्हणजे ज्या अँपवर चार हजार वॅट छापलंय ते छापण्यापुरतंच. तरी बिचारा अल्टरनेटर झिजतो, आणि आधी काय बंद पडतं तर ट्रॉलीचा मागचा लाल दिवा. त्याचा बिघाड टेपासाठी ओढलेल्या उघड्या तारांच्या जोडांत सापडलेला मी पाहिलाय.

कानाचं गणित आणखी वाईट. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यात कामगाराला एवढा आवाज आठ तासांच्या वर ऐकवायची परवानगी नाही. गाणं ऐकू यायचं तर ते त्याच्याही वर लावावं लागतं. मग बेअरिंगची कुरकुर, ट्रॉलीच्या हुकाचा खडखडाट आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न, तिन्ही गेले. जुना ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलायचा. हॉट रॉडवाले ‘सायलेन्सर ऐका’ म्हणतात त्यात नुसता शौक नाही, ही अक्कलही आहे.

दोन वर्षांमागं संध्याकाळी अशाच जोडट्रॉलीच्या मागं मी दुचाकीवर अडकलो होतो. मैल-दीड मैल हॉर्न देत होतो. शेवटी धीर करून डाव्या बाजूनं काढायला गेलो आणि त्याच वेळी त्यानं ट्रॉली डावीकडं घेतली. मी चारीत. त्याला कळलंसुद्धा नाही. लाल दिवा नसलेली ती ट्रॉली गाणं म्हणत पुढं निघून गेली. गुडघ्याला टाके सहा. दर हंगामात साखरपट्ट्यातले पोलीस आणि आरटीओ ट्रॅक्टरवरचे टेप काढायला लावतात ते याचसाठी. पट्टा पडेपर्यंत टेप परत हुडात चढलेले असतात.

माझा निकाल असा, आणि मी चारीत पडल्यामुळं तो बदललेला नाही. हॉट रॉडमध्ये रेडिओ असू दे, इंजिनाच्या वर जाणार नाही इतपत. ट्रॅक्टरवर टेप असू दे, पण उभ्या ट्रॅक्टरवर. गव्हाणीच्या रांगेत, पोहरादेवीच्या वावरात, तांड्यावर लग्नात. चालत्या रस्त्यावर नको. तिथं मागच्याला काही सांगायचं असेल तर त्याला लाल दिवा आणि रिफ्लेक्टर पुरेत.

हे नुसतं सांगून होणार नाही, हेही ठाऊक आहे. पण एक सोपी युक्ती मोटारीत आधीच आहे. गाडीत पडदा बसवतात तेव्हा त्याची एक तार हँडब्रेकला जोडतात. ब्रेक ओढला असेल तरच चित्र दिसतं. टेपाची तार तशी जोडायला ऑटो-इलेक्ट्रिशियनला अर्धा तास पुरतो. इंजिन बंद ठेवून वाजवल्यानं बॅटरी उतरेल, ही शंका रास्त आहे. साधा टेप तीनेक अँपिअर खातो, आठ तासांत चोवीस. ऐंशी-पंच्याऐंशी अँपिअर-तासांची धड बॅटरी तरीही सकाळी ट्रॅक्टर चालू करते. वीस अँपिअर ओढणारा अँप लावला तर ती चार तासांत बसेल आणि दोन ट्रॉल्यांना धक्का मारावा लागेल. तो ज्याचा त्यानं मारावा.

हंगामाच्या तोंडाशी कारखान्यांवर ट्रॅक्टरांना रिफ्लेक्टर लावतात, त्याच दिवशी ही एक तारही जोडून द्यावी.